मुंबई-दिल्ली विमान : उड्डाण दीड तासाचे, तिकीट सव्वादोन तासांचे

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. प्रवासी जेट विमान आकाशात ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. म्हणजे दीड तास पुरायला हवा. मग तिकिटावर साधारण सव्वादोन तास का?

कारण ती वेळ निव्वळ उड्डाणाची नसते. विमान एका विमानतळावर जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा हा काळ. त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, मार्गातले वळसे, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, सारे त्यात आले. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. ही गर्दी गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रक आखतात.

यात वावगे काही नाही. पण वेळापत्रकच सैल असले, की रांगेत गेलेली मिनिटे उशीर म्हणून नोंदलीच जात नाहीत. त्यातच वक्तशीरपणा मोजताना १५ मिनिटांपर्यंतची सूट असते. आकडे सुधारतात, प्रवाशाचा वेळ वाचत नाही. म्हणून प्रत्येक मार्गावर हवेतला वेळ किती आणि जमिनीवरचा किती, हे वेगवेगळे जाहीर व्हायला हवे.

तोवर हिशेब आपणच करावा. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. त्यात सुरक्षा तपासणी, सामानाची वाट आणि दोन्ही शहरांतली वाहतूक मिळवा. घरापासून मुक्कामापर्यंत सहा तास सहज लागतात.