विज्ञान : ना शाप, ना वरदान

मराठीच्या मास्तराच्या आयुष्यात काही गोष्टी पंचांगाइतक्या ठरलेल्या असतात. लोणावळ्यात जून उजाडला की पाऊस येतो, जुलैत छत्रीची एक तरी काडी मोडते आणि सप्टेंबर सरता सरता ‘विज्ञान : शाप की वरदान?’ या विषयावरचे साठएक निबंध टेबलावर येऊन पडतात. हा विषय मी काढला नाही. मला तो माझ्या सरांनी दिला होता, त्यांना त्यांच्या सरांनी दिला असणार. वडिलोपार्जित भांडे जसे घासूनपुसून पुन्हा फळीवर ठेवावे, तसा मी तो दरवर्षी फळ्यावर लिहितो.

निबंधही ठरलेलेच असतात. पहिल्या वाक्यात ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’, दुसऱ्या परिच्छेदात विजेचा दिवा, तिसऱ्यात हिरोशिमा, आणि शेवटी ‘शस्त्र वाईट नसते, ते चालवणारा हात वाईट असतो’ हा समारोप. अलीकडे मात्र या निबंधांत एक फरक पडला आहे. शुद्धलेखनाच्या चुका एकाएकी नाहीशा झाल्या आहेत! मला आधी वाटले, आपल्या शिकवण्याला उशिरा का होईना फळ आले. मग कळले की निबंध पोरे लिहीतच नाहीत. खिशातल्या फोनमधली कृत्रिम बुद्धी अर्ध्या मिनिटात लिहून देते. मी चिडलो. वर्गात चांगले वीस मिनिटांचे व्याख्यान दिले. पोरांनी ते अतिशय सभ्यपणे ऐकून घेतले.

यंदा त्या साठ निबंधांत एक निबंध निघाला, त्याची सुरुवात अशी : “सर, या विषयावर मला एक असे मत नाही. सुटी सुटी मते आहेत. ती लिहितो.”

लिहिणाऱ्याचे नाव सांगत नाही, कारण त्याला विचारलेले नाही. आंदर मावळातल्या एका वाडीवरून तो येतो. आधी पायी, मग मिळेल त्या जीपने आणि पुढे लोकलने. वर्गात तो खिडकीशी बसतो आणि बहुधा बाहेर बघतो. त्याच्या अक्षराविषयी काय सांगावे! ऱ्हस्व-दीर्घ त्याने माझ्यावर सोपवले होते. पण त्या अक्षरांतून जे बाहेर आले, ते वाचून मी लाल पेन खाली ठेवले, ते त्या रात्री पुन्हा उचलले नाही.

पहिले मत विजेचे. “आमच्या डोंगरातले पाणी वीज करायला गेले तेव्हा माझा पणजा लहान होता. आमच्या वाडीत दिवा लागला तेव्हा माझा बाप लहान होता. म्हणून वीज वरदान आहे का, हे सांगायच्या आधी कुणाला आणि कधी, ते विचारावे लागते.”

वाचकहो, मी लोणावळ्यात राहतो. वळवणच्या धरणावर संध्याकाळी फिरायला जातो. पण या पोराने मांडलेला हिशेब मी कधी मांडला नव्हता. वळवण, शिरवते आणि लोणावळे या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरवून तिथल्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली ती १९१५ साली. आंदर मावळातले ठोकरवाडीचे धरण त्यानंतर काही वर्षांनी उभे राहिले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. आंध्रा नदी मुळात पूर्वेकडे वाहणारी. तिचे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला मिळायचे. माणसाने बोगदा खणून तिचे पाणी पश्चिमेला, कोकणात वळवले. केवढा मोठा पराक्रम! आणि त्या पराक्रमाच्या काठावरच्या वाडीत पुढे दोन पिढ्या रॉकेलची चिमणी जळत होती. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो आम्ही इतिहासात शिकवतो. विज्ञानाच्या निबंधात तो कुणी आणत नाही.

मला वाटले, आता पोरगा ‘विज्ञान शाप आहे’ या बाजूला झुकणार. पण पुढचे मत भाताचे निघाले.

“माझ्या आज्याला विज्ञान आवडत नाही. त्याला इंद्रायणी भात आवडतो. तो सांगतो, हा भात ज्ञानोबा-तुकोबांच्या वेळेपासूनचा, म्हणून त्याला नदीचे नाव. मी त्याला सांगितले, हा भात वडगावच्या केंद्रात काढलेला आहे. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.”

गंमत अशी की, पोरगा खरे बोलत होता. इंद्रायणी तांदळाचा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला, तो १९८७ साली. त्याचे मायबाप दोन : आपला सुवासिक आंबेमोहोर आणि फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली बाहेर आणलेला ‘आयआर ८’. आंबेमोहोराला वास भारी, पण उतारा कमी. उंच वाढतो आणि वारा-पावसात आडवा होतो. आयआर ८ बुटका, ताठ, भरघोस. पण वासाच्या नावाने शून्य. दोघांचे लग्न लावून आपल्या शास्त्रज्ञांनी घरात सुवासही ठेवला आणि कणगीही भरली. पुण्यामुंबईच्या ज्या घरांत रविवारी गुरगुट्या भातावर तूप वाढले जाते, त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल की पानातल्या त्या घासाचे आजोळ मनिलाजवळ आहे?

पण पोराचे मत इथे संपत नव्हते. “आज्या म्हणतो तसा विज्ञानाच्या विरुद्ध नाही. हे बी पहिल्यांदा आले तेव्हा त्याने ते एकाच खाचरात लावले. शेजारच्या खाचरात घरचे जुने बी लावले. दोन्हीला शेण सारखे, पाणी सारखे. झोडणी झाल्यावर दोन्ही भात वेगवेगळे मोजले, वेगवेगळे शिजवून खाल्ले आणि मग पुढच्या साली अर्ध्या शेतात लावले. आमच्या प्रयोगशाळेत सर जे करायला सांगतात ते हेच आहे. फक्त आज्याने वही लिहिली नाही.”

हे वाचून मी उठलो आणि उगाचच खिडकी उघडून उभा राहिलो. विज्ञान म्हणजे यंत्र नव्हे, पडताळून पाहण्याची सवय, हे वाक्य मीच कितीदा व्याख्यानांत टाकले आहे. दाखला देताना याच लोणावळ्यातल्या स्वामी कुवलयानंदांचे नाव घेतले आहे. १९२४ साली त्यांनी इथे कैवल्यधाम काढले आणि योगाचे जे परिणाम लोक श्रद्धेने सांगत होते, ते क्ष-किरण आणि मोजमापाची उपकरणे लावून तपासायला घेतले. पण भाताच्या चिखलात उभा राहून तेच करणारा म्हातारा माझ्या दाखल्यांत कधी आला नव्हता.

तिसरे मत मोबाईलचे. इथे पोराचा सूर जरा चढला होता. त्यांच्या वाडीत फोन लागत नाही. देवळामागच्या एका खडकावर उभे राहिले तरच लागतो. “शनिवार-रविवारचे पाहुणे येतात. ते म्हणतात, किती छान, इथे नेटवर्क नाही, इथे माणसे अजून एकमेकांशी बोलतात. त्यांना आमच्याकडे रात्री साप चावलेला नाही.”

त्याच्या चुलतीला चावला होता. आवणीचे दिवस, मुसळधार पाऊस, दिवस मावळलेला. बांधावरून येताना पायाला घोणस डसली. एकजण त्या खडकाकडे धावला आणि पावसात फोन छातीशी धरून उभा राहिला. दुसरा भगताला बोलवायला गेला. “भगत आला. त्याने अंगारा लावला, मंत्र सुरू केला. पण मंत्राच्या मध्येच त्याने दोनदा विचारले, जीप निघाली का रे? जीप आल्यावर तोच पहिला उठला आणि चुलतीला उचलू लागला. चुलती वाचली. ती म्हणते देवाने वाचवली. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनाने वाचवली. मी म्हणतो, खडकाने वाचवली.”

सर्पविषावरचे औषध घोड्याच्या रक्तापासून तयार होते. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देत जातात, त्याच्या रक्तात विषाला उतारा तयार होतो, तो काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक वर्षे केले आहे. पण ती कुपी कितीही गुणाची असली तरी वेळेत नसेपर्यंत पोहोचली नाही तर पाण्यासारखीच. म्हणजे मुंबईची प्रयोगशाळा, कुणाचा तरी घोडा, जीपवाला, भगताची समयसूचकता आणि देवळामागचा खडक, हे सगळे एका रात्री एका ओळीत यावे लागते. त्या ओळीतला एक दुवा तुटला की विज्ञान वरदान असूनही उपयोगाचे नाही.

चौथे मत घरातले. आपली लोकल लोणावळ्याला संपते. पण मुंबईहून वर येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, ती खंडाळ्याचा घाट चढवून देतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. पोरगा लिहितो : “गाडी फलाटावर आली की लोक पुढचे इंजिन बघतात. मागून ढकलणारे सुटून परत खाली जाते, ते कुणी बघत नाही. आमच्या घरी आई बँकर आहे. गॅस आला तेव्हा तिचा धूर गेला आणि खोकला कमी झाला. गॅसवर भाकरी गोड लागत नाही असे बाप म्हणतो. भाकरी करणाऱ्याने म्हटले तर मी ऐकेन.”

आणि पाचवे, शेवटचे मत. एवढेच त्याने अर्ध्या पानात उरकले होते. त्यांच्या शेजारच्या वाडीतल्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या गेल्या. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, तशी मुंबई जवळ आली. मुंबई जवळ आली, तसे डोंगराचे मोल वाढले. “जमीन विकली की पहिली मोटरसायकल येते. शेवटी त्याच जमिनीवर रखवालदाराची नोकरी येते. आमच्या घरीही आता माणसे विचारायला येतात. आज्या नाही म्हणतो. बाप काही बोलत नाही. मला विचारले नाही. विचारले तर मी म्हणेन, एक खाचर ठेवा. पडताळून बघायला एक तरी खाचर लागते.”

खाली समारोप नव्हता. शस्त्र नव्हते, ते चालवणारा हातही नव्हता. एक ओळ मात्र होती : “सर, मी आधी फोनला निबंध विचारला होता. त्याने चांगला दिला. पण त्यात आमची वाडी नव्हती.”

आता प्रश्न गुणांचा. आमच्या पद्धतीप्रमाणे प्रस्तावनेला दोन, मुद्द्यांना चार, भाषाशैलीला दोन आणि समारोपाला दोन. त्या मापाने पोराला फार तर चार मिळाले असते. फोनच्या निबंधांना आठ-आठ मिळणार होते! यंत्राने निबंध लिहायला सुरुवात केली ती अलीकडे. पण मुलांकडून यंत्रासारखे निबंध लिहून घ्यायला आम्ही मास्तरांनी कितीतरी आधी सुरुवात केली. जे सगळ्यांना सारखेच लिहिता येते, ते यंत्राला न येण्याचे कारण काय? वर्गात चिडलो होतो तो पोरांवर. चिडायला हवे होते ते फळ्यावरच्या त्या विषयावर.

मी त्याला बोलावून घेतले. म्हटले, “अरे, दहापैकी नऊ दिले आहेत. एक शुद्धलेखनाचा कापला.”

तो म्हणाला, “सर, समारोप राहिला होता.”

“का राहिला?”

“अजून ठरलं नाही ना, सर. दिवाळीत बाप आणि आज्या बसणारेत. जमिनीचं.”

मला काय बोलावे सुचेना. शिक्षकाने अशा वेळी काहीतरी मोलाचे सांगावे अशी अपेक्षा असते. मी एवढेच म्हणालो, “त्या बैठकीत तू बस. तुला विचारलं नाही तरी बस. आणि हा निबंध आजोबांना वाचून दाखव.”

“तीन दिवस बोलायचा नाही मग,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आंदर मावळात भाताची कापणी सुरू असेल किंवा उरकली असेल, आणि एका घरात ती बैठकही झाली असेल. निकाल काय लागला ते मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षीचा निबंधाचा विषय मात्र मी आत्ताच ठरवून ठेवला आहे. फळ्यावर लिहिणार आहे : ‘आमच्या घरात पडताळून पाहिलेली एक गोष्ट.’ फोनला विचारायचे त्यांनी खुशाल विचारावे. त्याला घरी जाऊन आज्याला विचारावे लागेल.