अभिमानाला प्रमाणाची जोड

घरात कोणाला मधुमेहाचे निदान झाले की आठवडाभरात जांभळाच्या बियांचे चूर्ण, कारल्याचा रस आणि भिजवलेली मेथी स्वयंपाकघरात दाखल होते. याला निव्वळ भाबडेपणा म्हणता येणार नाही. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाची सविस्तर चिकित्सा केली; रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षणही आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे.

या ज्ञानावर परकीयांचा डोळा नाही, असेही नाही. जांभूळ, कारले, वांगे आणि बेडकीचा पाला यांच्या मधुमेहावरील मिश्रणासाठी १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. हळदीचे पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन १९९७ मध्येच रद्द करवले होते. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. ही कामगिरी अभिमानास्पद खरीच. पण तिने ज्ञानाची मालकी सिद्ध झाली. औषधाचा गुण सिद्ध करण्याचे काम अजून पुष्कळ उरले आहे.

ते कसे करावे, याचा धडा मेटफॉर्मिनच्या इतिहासात आहे. युरोपातील लोकवैद्यकात गॅलेगा नावाची वनस्पती वापरली जाई. तिच्यातील ग्वानिडिन द्रव्याने रक्तशर्करा उतरते, पण ते विषारी, हे अभ्यासांती कळले. त्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी त्याचे रुग्णांवरील निष्कर्ष मांडले, आणि आज ते जगभर वापरले जाते. एका रानटी झुडपापासून निघालेली वाट चिकाटीने शेवटापर्यंत चालली गेली.

आपल्याकडेही अशी पावले पडली आहेत. विजयसार, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाच्या अर्काचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अभ्यास केला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार केंद्रांवरील ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. उलट कारल्यावरील जगभरच्या चाचण्यांचा २०१२ मध्ये घेतलेला आढावा पुरावा अपुरा असल्याचे सांगतो. दोन्ही निष्कर्ष सारख्याच प्रामाणिकपणे स्वीकारावे लागतील.

कारण प्रश्न जिवाचा आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. ‘मुळापासून बरा करू’ अशा जाहिरातीला भुलून इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाचे इंजेक्शन थांबवले, तर काही दिवसांतच ते प्राणावर बेतते. ‘वनौषधी’ म्हणून विकलेल्या काही गोळ्यांत साखर उतरवणाऱ्या रासायनिक औषधांची भेसळही तपासणीत आढळली आहे. चालू औषधांवर वनौषधींची भर घातली, तर साखर एकाएकी उतरण्याचा धोकाही संभवतो. म्हणून डॉक्टर आणि वैद्य, दोघांनाही सर्व काही सांगूनच उपचार व्हावेत.

चाचणीची मागणी म्हणजे परंपरेचा अवमान, असे मानणाऱ्यांनी चरकसंहिताच उघडावी. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा तिथे सांगितली आहे. पूर्वजांनी आप्तवचनालाही परीक्षेतील चारांपैकी एकच स्थान दिले. उरलेल्या तिन्हींचे ऋण फेडणे, हेच आजच्या पिढीचे कर्तव्य होय.