अखेरची इच्छा विचारायला परिचारिकांना शिकवा



महाराष्ट्रात लिव्हिंग विल, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारी इच्छापत्रे, सांभाळण्यासाठी अधिकारी नेमले गेले. २०२४ मध्ये गोव्यात न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत या विषयावर बरेच छापून येते आणि आम्ही तंजावरचे मराठी लोकही ते वाचतो. पण चर्चा फिरते ती साक्षीदार, नोटरी आणि प्रत कुठे ठेवायची यांभोवतीच. कागदावर काय लिहायचे, हे रुग्णाला विचारणार कोण? माझ्या मते ते काम परिचारिकेनेच करावे, आणि त्यासाठी तिला रीतसर शिक्षण मिळावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे इच्छापत्र करण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. मात्र उपचार थांबवायचे की नाही, हे ठरवणाऱ्या दोन्ही मंडळांत फक्त डॉक्टर आहेत. ज्या अरुणा शानबागच्या खटल्याने हा प्रश्न देशासमोर आला, ती स्वतः परिचारिका होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तिच्या वतीने याचिका करणारीपेक्षा, वर्षानुवर्षे अरुणाची शुश्रूषा करणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या म्हणण्याला अधिक वजन दिले. नियम करताना मात्र परिचारिकेचा विसर पडला.

वॉर्डातली गोष्ट साधी आहे. डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. ‘सिस्टर, मी घरी जाईन ना?’ हा प्रश्न रात्री परिचारिकेलाच विचारला जातो. बाहेर नातेवाइकांनी ‘त्यांना काही सांगू नका’ असे बजावलेले असते. तिला शिकवलेले नसते, म्हणून ती ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून सुटका करून घेते. मग व्हेंटिलेटर लावायची वेळ येते आणि चेन्नई-बंगळुरूहून धावत आलेली मुले आईच्या मनात काय होते यावरून भांडत बसतात.

शिकवायचे काय? रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे ते आधी विचारणे. त्याच्या वतीने कोणी बोलावे, शेवटचे दिवस घरी हवेत की रुग्णालयात, कोणते उपचार नकोत, हे त्याच्या तोंडून ऐकून टिपून ठेवणे. मन बदलले तर पुन्हा विचारणे, आणि वैद्यकीय निर्णयाचा प्रश्न आला की डॉक्टरांकडे सोपवणे. सही घेण्याची घाई तिने कधीही करू नये. यंत्रे नकोत म्हटले तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहते, हे तिला ठामपणे सांगता यावे.

अशा बोलण्याने रुग्णाचा धीर खचेल, असा आक्षेप येईल. पण आपले काय होते आहे हे बहुतेकांना उमगलेले असते, आणि कोणी बोलत नाही म्हणून ते एकटे पडतात. दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा, आणि तो खरा आहे. म्हणून हे काम फुकटात गळ्यात न मारता त्यासाठी वेगळा वेळ आणि मनुष्यबळ द्यावे लागेल.

शेजारच्या केरळने २००८ मध्येच उपशामक सेवेचे धोरण आखले आणि परिचारिकांना पंचायतींतून घरोघर पाठवले. तमिळनाडूतही ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ योजनेत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. उंबरठा ओलांडून त्या आत पोहोचल्याच आहेत. आता हा संवाद त्यांच्या कामात जोडायचा आहे. तंजावरला हे नवे नाही: इथल्या छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, आजारी वाटसरूला औषधपाणी आणि दगावल्यास अंत्यसंस्कार मिळत, असे इथले मराठा राजे सरफोजी यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला कळवले होते. मरणाऱ्याची काळजी हे सार्वजनिक काम आहे, हे या गावाला नव्याने पटवायला नको.

तंजावर वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्हा आरोग्य विभागाने घरभेटी देणाऱ्या परिचारिकांपासून हे प्रशिक्षण सुरू करावे. महाराष्ट्र शासनानेही इच्छापत्रे सांभाळणारे अधिकारी नेमून थांबू नये. ती इच्छा ऐकून घेणाऱ्या परिचारिका तयार कराव्यात.

— एक वाचक, तंजावर