‘छान झाले’ या दोन शब्दांच्या पुढे

संगीताचा कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांची कोणी नोंद ठेवली, तर ती फार लांबणार नाही. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ आणि अलीकडे ‘जबरदस्त’ एवढ्या चार विशेषणांत ती आटोपेल. यातले एकही विशेषण खोटे नसते. पण त्यातून कलावंताला काही कळतही नाही. कुठे साधले आणि कुठे निसटले, हे त्याला जाणून घ्यायचे असते आणि आपण त्याच्या हाती एक विशेषण ठेवून सभागृहाबाहेर पडतो. हा प्रश्न संगीतवाल्यांचा, साहित्याच्या वर्गाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते हा मुळात भाषेचाच प्रश्न आहे; म्हणून तो येथे मांडत आहोत.

उदाहरण म्हणून पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एकल पियानोवादन घेऊ, कारण मराठी श्रोत्याची अडचण तेथे सर्वांत उघडी पडते. शिरूर किंवा दौंडकडचा विद्यार्थी शिक्षणासाठी पुण्यास जातो आणि एखाद्या मित्राबरोबर अशा मैफलीस जाऊन बसतो. तीन भागांच्या रचनेचा पहिला भाग संपतो, त्याचे हात टाळीसाठी उचलले जातात आणि शेजाऱ्यांची नजर पाहून पुन्हा मांडीवर येतात. पुढचा सारा वेळ तो ऐकण्यापेक्षा वागणुकीच्या चिंतेत घालवतो. शेवटी वादकाची भेट झालीच, तर ‘छान झाले’ याखेरीज त्याच्यापाशी शब्द नसतो.

ही शांतता पियानोच्या स्वभावातच आहे, असे मात्र नव्हे. १७७८ साली पॅरिसमध्ये मोत्सार्टची एक सिम्फनी सादर झाली, तेव्हा पहिल्या भागाच्या मध्यावरच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. मोत्सार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात हे आनंदाने कळवले आहे. ती जागा लोकांना आवडणार हे ओळखूनच त्याने ती योजली होती. १८४० साली लिस्टच्या लंडनमधील एकल वादनासाठी ‘रिसायटल’ हा शब्द वापरला गेला, तेव्हाही दोन रचनांच्या मधल्या अवकाशात तो मंचावरून उतरून श्रोत्यांशी बोलत असे. प्रयोगभर निःशब्द बसण्याची शिस्त त्यानंतर हळूहळू रूढ झाली. म्हणजे तिकडेही एके काळी दाद होती. पुढे ती रचनेच्या अखेरीस नेऊन ठेवली गेली.

आपल्या बैठकीत दाद अजून प्रयोगाच्या आतच राहिली आहे. समेवर मान हलते, एखाद्या हरकतीला ‘वा’ जाते, गायक ती जागा पुन्हा घेतो आणि वाढवतो. श्रोता येथे काही अंशी सहनिर्माता असतो. पण या व्यवस्थेची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. दादेला होकाराचे व्याकरण आहे, नकाराचे नाही. न आवडलेल्या जागेसाठी श्रोत्याजवळ केवळ मौन उरते आणि ते मौन तल्लीनतेचे की नाराजीचे, हे गायकाने ओळखायचे असते. मुरलेला गायक ते ओळखतो. शिकाऊ गायकाला ते कळत नाही.

आमच्या परिसरात याहून वेगळे दोन प्रघात आहेत. यवत आणि वरवंड ही तुकोबांच्या पालखीच्या मार्गावरील गावे. या टापूत हरिनाम सप्ताह आणि भजनी मंडळे यांचा राबता मोठा. भजनात नवखा गायक चाल चुकला, तर त्याला कोणी थांबवीत नाही. पेटीवाला मूळ सूर जरा ठळक धरतो, पखवाजवाला ठेका घट्ट करतो आणि टाळकरी ध्रुवपद उचलतात. चूक सावरली जाते, चुकणाऱ्याला ती कळते आणि त्याची शोभाही होत नाही. शब्दाविना दिलेला इतका नेमका अभिप्राय आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळतो.

दुसरा प्रघात दौंड तालुक्यातीलच चौफुल्याच्या कला केंद्रांतला. संगीतबारीत लावणी सादर होते आणि दाद दौलतजादाच्या रूपाने येते. फर्माईश करणाऱ्याने पैसे मोजलेले असतात, म्हणून त्याचा शब्द चालतो. अदाकारीची खरी जाण असलेले श्रोतेही तेथे असतात. परंतु जाण ज्याची मोठी, त्याचीच नोट मोठी, असे काही ठरलेले नाही. पैसे देणाऱ्याला काय आवडले, हे कलावतीला लगेच कळते. काय कळले नाही, हे सांगण्याची सोय तिला नसते. पांढरपेशा रसिकाने यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. परीक्षकाचे गुण, प्राध्यापकाची शिफारस, संयोजकाचे पुढचे निमंत्रण यांच्यामागेही सत्ता असतेच. फक्त तेथे नोट दिसत नाही. अभिप्राय देणारा आणि घेणारा सहसा एका पातळीवर नसतात, ही गोष्ट विसरून या विषयावर बोलता येणार नाही.

मग शब्दांत नेमका अभिप्राय देण्याची परंपरा मराठीत नाही काय? ती आहे आणि चांगली सशक्त आहे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावाने १९३०च्या दशकात आपल्या काळातील गायकांवर लिहिले. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक त्या लेखनाचे फळ. हे लिहिणारे भोळे ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकाचे आणि प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचे संगीतकारही होते. दुसऱ्याच्या गाण्याबद्दल लिहिणारी व्यक्ती स्वतःही लोकांच्या अभिप्रायासमोर उभी होती. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात त्यांनी स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची मांडणी केली: स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा आणि दोहोंचा तोल सांभाळणारे जयपूर. देशपांड्यांनी स्वतः जयपूर गायकीची तालीम घेतली होती, म्हणून या मांडणीत पक्षपात आहे असा आक्षेप घेता येईल. पण तो घेता येतो, याचे कारण मांडणी स्पष्ट आहे. ‘अप्रतिम’ या शब्दावर आक्षेप घेता येत नाही. आणि ज्यावर आक्षेप घेता येत नाही, त्यातून कोणाला काही शिकताही येत नाही.

युरोपातील उदाहरणही याच जातीचे आहे. शूमनची पियानोवादक होण्याची वाट हाताच्या दुखण्याने बंद झाली आणि १८३४ साली लायप्झिगमध्ये त्याने सहकाऱ्यांसह संगीतविषयक नियतकालिक सुरू केले. आपल्या समीक्षेत तो फ्लोरेस्टान आणि युसेबियस अशी दोन कल्पित पात्रे योजीत असे. एक उसळत्या स्वभावाचा, दुसरा अंतर्मुख. एकाच कृतीबद्दल एकाच माणसाच्या मनात दोन मते असू शकतात, हे त्याने त्या युक्तीने मान्य केले. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांस हे जरूर सांगावे. ‘आवडले’ आणि ‘पटले नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

आता पियानोकडे परत येऊ. ज्याने त्या संगीताची तालीम घेतलेली नाही, त्याने काय बोलावे? आमचे म्हणणे असे, की आपल्या कानावर जे आले, ते त्याने सांगावे. भजनातली पेटी ज्याने ऐकली आहे, तो पियानोपुढे अगदीच परका नसतो. पेटीत भात्याची हवा आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि स्वर उमटताच विरू लागतो. मींड दोन्हीं वाद्यांत नाही. पेटीवरच्या ज्या आक्षेपांमुळे आकाशवाणीने तिला १९४०पासून १९७१पर्यंत दूर ठेवले, त्यांतला हा एक प्रमुख. तेव्हा विरत जाणाऱ्या सुट्या स्वरांतून सलग ओळ उभी करणे, हे पियानोवादकापुढचे मोठे आव्हान ठरते. एवढे ठाऊक असलेला श्रोता सांगू शकतो: ‘संथ भागात ओळ मध्येच तुटल्यासारखी वाटली.’ ‘डाव्या हाताची साथ उजव्या हाताच्या सुरावटीवर चढत होती.’ ‘जलद भागात लय पुढे सरकत गेली.’ ‘पायाखालचा पेडल दाबलेला राहिल्याने स्वर एकमेकांत मिसळत होते.’ यांतल्या एकाही वाक्यात पांडित्य नाही. मात्र प्रत्येक वाक्यात जागा सांगितलेली आहे, आणि वादक घरी जाऊन ती जागा तपासू शकतो. श्रोत्याचे निरीक्षण चुकले असेल, तर तेही त्याला तेथेच कळेल.

लंडनच्या असोसिएटेड बोर्डाची पियानोची प्रात्यक्षिक परीक्षा १५० गुणांची असून १०० गुणांना उत्तीर्ण मानतात. परंतु गुणांबरोबर परीक्षकाचा लेखी शेराही मिळतो. पुढच्या रियाजाची दिशा त्या शेऱ्यातून ठरते. आकडा हा निकाल असतो. शेरा हा अभिप्राय असतो. आपल्याकडे या दोहोंची गल्लत फार होते. २०२२ साली पुण्यातील पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका परीक्षकांना वाटली नाही आणि १९६३पासूनच्या या स्पर्धेत करंडक प्रथमच कोणालाही दिला गेला नाही. त्यावर मोठा वाद झाला. काहींना तो दर्जाचा आग्रह वाटला, काहींना तरुणांचा हिरमोड. क्षेत्र नाटकाचे असले, तरी प्रश्न तोच. तो निर्णय योग्य की अयोग्य, या वादात आम्ही शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नाकारलेल्या करंडकाइतकेच दिलेल्या करंडकालाही स्पष्टीकरण लागते. जिंकणाऱ्याला आपण का जिंकलो हे कळले नाही, तर पुढच्या वर्षी तो स्वतःचीच नक्कल करील.

अभिप्राय घेण्याचीही एक रीत आहे. आपल्या संगीतात गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, दाद आली की हात जोडतात. म्हणजे स्तुती स्वीकारण्याचे संकेत आपण जपले आहेत. दोष ऐकून घेण्याचे संकेत तेवढे रुजलेले नाहीत. युवा महोत्सवात सादरीकरण करून उतरलेला विद्यार्थी दोष कानी येताच ‘घसा बसला होता’, ‘पेटी बेसूर होती’, ‘माइक बरोबर नव्हता’ असे सांगू लागतो. कारणे कित्येकदा खरीही असतात. तरीही त्याने आधी एकच प्रश्न विचारावा: ‘नेमके कुठे?’ या प्रश्नाने बोलणारा जबाबदार होतो. ज्याला जागा दाखवता येईल, त्याचे म्हणणे तपासून पाहावे; ज्याला येणार नाही, त्याला नमस्कार करून पुढे जावे. आणि तपासल्यावरही न पटल्यास ते सोडून देण्याचा कलावंताचा हक्क अबाधित आहे. अभिप्राय म्हणजे आज्ञा नव्हे.

पुण्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या आमच्या गावांत हा विषय चैनीचा नाही. मोठ्या शहरातल्या मुलाला गुरू असतो, मैफली असतात, जाणत्या कानांची संगत असते. येथला मुलगा मोबाइलच्या पडद्यावर पाहून कीबोर्ड वाजवायला शिकतो, गॅदरिंगमध्ये वाजवतो, टाळ्या घेतो आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत गळतो. कशामुळे गळलो, हे त्याला तेथे कोणी सांगत नाही आणि येथेही कोणी सांगितलेले नसते. आपल्याला ‘येतच नाही’, असा त्याचा समज होतो. बहुधा लय सरकते एवढाच त्याचा दोष असतो आणि तो सहा महिन्यांच्या मेहनतीने जाण्याजोगा असतो. खोट्या स्तुतीची किंमत अशी वर्षा-दोन वर्षांनी चुकवावी लागते, आणि ती स्तुती करणारा चुकवीत नाही.

या मुलाला संगीताचा शिक्षक आपण देऊ शकू असे नाही. पण नेमके बोलणारे सोबती मराठीचा वर्ग त्याला नक्की देऊ शकतो. समीक्षेच्या तासाला भोळे आणि देशपांडे यांच्या लेखनातील चार पाने वाचावीत. त्यानंतर विद्यार्थ्यांना गावातल्या भजनाबद्दल, लावणीबद्दल किंवा वर्गमित्राच्या कीबोर्डवादनाबद्दल एकही गौरवाचे विशेषण न वापरता दहा वाक्ये लिहायला सांगावीत. पहिली दोन वाक्ये फार जड जातील. तिसऱ्या वाक्यापासून विद्यार्थी आठवू लागेल, की आपण खरोखर काय ऐकले.