ताई ची: भार, तोल आणि समूह

ताई ची ही मुळात लढण्याची विद्या. चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या गावी सतराव्या शतकात चेन वांगतिंग यांनी ती घडवली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे बराच काळ ती चेन घराण्यातच राहिली. याच गावात शिकलेल्या यांग लुचान (१७९९–१८७२) यांनी ती बीजिंगला नेली, आणि त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी तिला आज सर्वत्र दिसणारे संथ, एकसारख्या लयीचे रूप दिले.

१९५६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून २४ हालचालींचा छोटा क्रम तयार करून घेतला. पारंपरिक क्रम लांबलचक, शिकायला चिकाटी मागणारा. हा पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. जुन्या परंपरेतल्या काही जाणकारांना त्यात विद्या पातळ झाल्यासारखी वाटते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मात्र यासारखा दूरदर्शी निर्णय क्वचितच झाला असेल. घराण्यात जपलेली गोष्ट त्यामुळे बागेत जमणाऱ्या कुणाच्याही हाती आली. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या उद्यानात रोज सकाळी जमणारे गट हे त्याचेच फळ. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

या व्यायामाचे मर्म ‘ढगांसारखे हात’ या एकाच हालचालीत पाहता येते. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, सगळा भार उजव्या पायावर. डावा पाय उचलून बाजूला अलगद टेकवायचा, पण लगेच त्यावर रेलायचे नाही. कंबर डावीकडे वळू लागते, तसतसा भार डाव्या पायावर येतो. उजवा पाय पूर्ण रिकामा झाला की मगच तो उचलून डाव्याजवळ आणायचा. हात चेहऱ्यासमोरून आळीपाळीने गोल फिरतात. पाहणाऱ्याचे लक्ष तिकडेच जाते, पण खरे काम कंबर आणि पाय करत असतात. वेग नसल्यामुळे झोक्याचा आधार मिळत नाही. प्रत्येक क्षणी तोल स्नायूंनीच सांभाळावा लागतो, आणि मांड्या लवकरच भरून येतात.

म्हातारपणी याची किंमत कळते. कॅनडातल्या वृद्धनिवासांत कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २२७ पडण्यांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४१ टक्के प्रसंगी माणूस पडला तो शरीराचा भार चुकीच्या रीतीने सरकल्यामुळे. ताई चीत नेमकी हीच गोष्ट घोटून घेतली जाते. अमेरिकेत ७० वर्षांवरील, पडण्याचा धोका असलेल्या ६७० जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, सहा महिने ताई चीवर आधारलेला वर्ग करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण फक्त ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होते. त्याआधी, २०१२ मध्ये, पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरच्या चाचणीतही तोल सुधारल्याचे दिसले होते.

हे दोन्ही प्रयोग वर्गात, गटाने झाले, हे सहसा दुर्लक्षिले जाते. घरी चित्रफीत पाहून एकट्याने केलेल्या हालचालींना हेच आकडे लागू होतील, असे गृहीत धरणे चूक आहे. गटात रोजची वेळ ठरलेली असते; कुणी दोन दिवस आले नाही तर विचारपूस होते. लयही गटातूनच मिळते. अनेक गटांत नवख्यांना मधोमध उभे करतात आणि मुरलेल्यांना चारही कोपऱ्यांत, कारण क्रमात दिशा बदलत राहतात. तोंड कुठेही वळले तरी समोर बघून करायला कुणीतरी जाणता हवा. ही साधी मांडणी नवख्याची भीती निम्म्याने कमी करते. शेजारच्याच्या चालीशी आपली चाल जुळवताना घाईही आपोआप ओसरते.

ताई चीकडून सगळ्याच अपेक्षा ठेवू नयेत. दमश्वासावर तिचा ताण साधारण चालण्याइतकाच पडतो, त्यामुळे धडधाकट तरुणाला तेवढी पुरणार नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे तिच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे. गुडघ्यांची काळजी तर पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते: गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकावा, त्यांच्या पुढे जाऊ नये, आणि वळताना पीळ कमरेत पडावा, गुडघ्यात नाही. ज्यांना खाली बसणे जमत नाही त्यांनी उंच उभे राहूनच करावे. तोल फार डळमळत असेल तर सुरुवात खुर्चीच्या पाठीला धरून करावी. चांगला शिक्षक हे पहिल्याच आठवड्यात सांगतो, आणि जो सर्वांना एकाच खोलीपर्यंत खाली उतरायला लावतो त्याचा गट सोडून दुसरा शोधावा.