रक्तदाबाची नोंद आणि नवजात अर्भक

सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाची चर्चा बहुधा इमारती आणि खाटा यांच्याभोवतीच फिरते. एका ओळीच्या नोंदीने किती हानी टळू शकते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. गर्भवतीच्या रक्तदाबाची नोंद ही अशीच उपेक्षित नोंद होय.

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक राहू लागला, तर मातेच्या जिवास धोका संभवतो, हे आता बरेचसे ठाऊक झाले आहे. अर्भकाच्या रक्तावर होणारा परिणाम मात्र तितकासा परिचित नाही. वारेतून होणारा रक्तपुरवठा अपुरा पडला की गर्भास प्राणवायू कमी मिळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी गर्भाचे शरीर तांबड्या पेशी अधिक निर्माण करते. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास आवश्यक असणारे बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, यांची निर्मिती मात्र मंदावते. परिणामी काही बालकांचे रक्त दाट होते. काहींच्या बिंबाणूंची संख्या घन मिलिमीटरमागे दीड लाखाखाली उतरते. ही घट बहुधा सौम्य असते व आठ-दहा दिवसांत भरून निघते. तथापि अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बालकास तिच्यातून रक्तस्राव वा जंतुसंसर्ग होण्याची भीती असते.

बिंबाणूंची संख्या पुष्कळदा जन्मानंतर दोन-चार दिवसांनी सर्वांत कमी होते. तोवर बाळ-बाळंतीण घरी परतलेली असू शकतात! गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनसारख्या गावातून बालकास औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घाटी रुग्णालयात न्यावे लागले, तर मातेचा रक्तदाब किती होता, हे तेथील डॉक्टरांना कागदावरूनच कळणार. तो रकाना कोरा असेल, तर निदानाचा एक महत्त्वाचा धागाच तुटतो.

शासनाने तरतुदी केल्या नाहीत असे नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, तपासण्या व आजारी नवजाताचे उपचार विनामूल्य आहेत. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते. परंतु तपासणी फुकट असली, तरी त्यासाठी मोडणारा दिवस फुकट नसतो. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रीला एका खाड्याची किंमत पुरती ठाऊक असते.

प्रत्येक नवजाताची रक्ततपासणी करावी, अशी मागणी कोणी करणार नाही. ती अनावश्यकही ठरेल. कोणत्या बालकाची तपासणी करावी, हे मातेच्या रक्तदाबाची नोंदच सांगू शकते. म्हणून प्रत्येक भेटीत ती नोंद व्हावी, बालकाबरोबर ती पुढे जावी, आणि ज्या मातेचा रक्तदाब वाढलेला होता तिच्या बालकाचे रक्त पहिल्या चार दिवसांत पाहिले जावे. गर्भवतीच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई हाही आरोग्यखर्चाचाच भाग मानला पाहिजे. जो समाज हा अल्प खर्च टाळतो, त्याला पुढे अधिक मोल मोजावे लागते. आणि ते सर्वप्रथम मोजावे लागते नुकत्याच जन्मलेल्या जीवाला.