येलदरीच्या माशाचा प्रवास मोजा

प्रति,
मा. कुलगुरू,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी

महोदय,


मासळीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की सगळ्यांना कोकण आठवते. पण मासा परभणीतही रोज विकला आणि खाल्ला जातो. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी जलाशयातला, गोदावरीतला रोहू, कटला, मरळ हे इथल्या भोई कुटुंबांचे पोट आहे. या माशावर आपल्या विद्यापीठात पीएच.डी.चे संशोधन व्हावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

जाळे रात्री लागते आणि पहाटे ओढले जाते. रात्रीच जाळ्यात मेलेला मासा काठावर येईपर्यंत कोमट पाण्यात काही तास काढून बसलेला असतो. तिथून पुढे बर्फ, टेम्पो, व्यापारी आणि बाजार. गिऱ्हाईक अंगठ्याने कल्ला उचलून लाल आहे का ते बघते, बोटाने मांस दाबून पाहते. अनुभवाची ही पारख मोलाची आहे. पण बर्फ कुठल्या पाण्याचा होता, मासा किती तास उन्हात राहिला, हे तिला सांगता येत नाही.

शून्य अंशाला जो मासा टिकतो, तो 10 अंशांवर साधारण चौपट वेगाने खराब होतो. 30 अंशांचा एक किलो मासा शून्यावर आणायला सुमारे 300 ग्रॅम बर्फ पुरतो. खरा बर्फ खर्च होतो तो पेटीत शिरणारी उष्णता थोपवण्यात. म्हणून किलोला किलो बर्फ, असा सर्वसाधारण दंडक आहे. पारा 42 अंशांवर गेलेल्या परभणीच्या मे महिन्यात तो पुरतो का? कोणती पेटी परवडते आणि टिकते? ही उत्तरे इथल्याच उन्हात मोजून मिळवावी लागतील.

दुसरा प्रश्न माग काढण्याचा. 1997 साली युरोपने भारतीय मासळी रोखली, तेव्हा आपल्या निर्यात कारखान्यांनी स्वच्छतेची शिस्त अंगी बाणवली. माल कोणाकडून आला आणि कोणाला गेला याची नोंद प्रत्येकाने ठेवावी, हे युरोपच्या 2002 च्या अन्न कायद्यात आहे. परदेशी पानात जाणाऱ्या कोळंबीची जी काळजी आपण घेतो, ती आपल्या लेकरांच्या ताटातल्या रोहूची का घेऊ नये? 2018 च्या जुलैत गोव्यात फॉर्मेलिन या रसायनाच्या संशयावरून बाहेरची मासळी थांबवावी लागली. अशा वेळी पेटीवर नोंद नसेल, तर दोषी सापडत नाही आणि प्रामाणिक विक्रेत्याचाही धंदा बसतो.

आपले अन्नतंत्र महाविद्यालय 1976 पासून कार्यरत आहे. परभणीतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिन्हींनी मिळून एक विद्यार्थी येलदरीच्या काठापासून परभणीच्या बाजारापर्यंत, तिन्ही ऋतूंत, माशासोबत पाठवावा. पेटीत तापमान नोंदवणारे यंत्र असावे, दर टप्प्यावर जंतूंची तपासणी व्हावी. पेटीवर लावायची चिठ्ठी मासेमारांच्या सहकारी संस्थांना विचारून ठरवावी. पकडल्याची जागा, वेळ आणि बर्फ घातल्याची वेळ एवढे त्यावर असले तरी पुष्कळ झाले.

निष्कर्ष मात्र प्रबंधात बांधून ठेवू नयेत. मासेमाराला आणि विक्रेत्याला समजेल अशा मराठीत, एका पानावर, ते त्यांच्या हाती द्यावेत. येत्या शैक्षणिक वर्षातच हा विषय मंजूर करावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक परभणीकर